मंडईच्या रात्री तलावावर गस्तीला कोण?

तळ्याकाठचा | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव आहे. नाव लिहीत नाही, आमचे संचालक इथे चोरून वाचतात.

आमच्याकडे ठेक्याचा एक मोठा तलाव आहे. गस्तीला फायबरची एक बोट आहे, दोरी ओढून चालू करायच्या इंजिनची, आणि दोन डोंगे. चार राखणदार. दोघं दिवसा, दोघं रात्री, आठवड्याने पाळी बदलते. वर्षभर काही अडत नाही, अडतं ते सणात. पोळा एका दिवसात आटोपतो, तेवढा निभावतो. पण दिवाळी ते मंडई (भाजीबाजार नव्हे, दिवाळीनंतरची आमची गावजत्रा) हे आठ-दहा दिवस म्हणजे डोक्याला ताप. भाऊबीजेला बहिणीकडे जायचं, मंडईला बहीण-जावई आपल्याकडे येणार, रात्रभर नाटक, आणि त्यातच हलका धान कापायला आलेला. चौघांनीही त्याच चार दिवसांची सुट्टी मागितली आहे. चूक कोणाचीच नाही.

मागच्या वर्षी मी एका संचालकाच्या भाच्याला बदली म्हणून बसवलं. पोरगा चांगला, पण मंडईच्या रात्री बोटीवर एकटा. मधल्या बेटाकडे बॅटऱ्या दिसल्या, तो गेला नाही. सकाळी आम्ही पाहिलं तर आमची जाळी कापलेली, आणि आदल्या वर्षी टाकलेला कतला, जो आता कुठे विकायजोगा झाला होता, तो बराचसा गेलेला. पोरगा म्हणाला, "मामा, मी एकटा काय करणार होतो?" त्याचंही खरंच आहे.

तर प्रश्न साधा आहे. सुट्टी कोणाला द्यायची, आणि जो जाईल त्याच्या जागी कोणाला बसवायचं?

पवनीचा पोपट | ३ ऑक्टोबर, रात्री १०:०५

चोरांनाही भाऊबीज असते ना भाऊ. त्यांनाच सुट्टीचा अर्ज करायला सांगा.

कुणीतरी_पुण्यातून | ३ ऑक्टोबर, रात्री १०:३१

एवढं कशाला? ड्रोन घ्या. समुद्रावर मत्स्य विभागाने ड्रोन वापरायला सुरुवात केलीच आहे की. थर्मल कॅमेरा, मोबाइलवर थेट चित्र. चार माणसांचा पगार वाचेल.

तळ्याकाठचा | ३ ऑक्टोबर, रात्री १०:४४

ड्रोनला बॅटऱ्या दिसल्या की मग पुढे काय? मोबाइलवर पाहत बसायचं? जाऊन जाळं ओढायला माणूसच लागतो ना जी. आणि आमच्या बांधावर रेंज येते ती फक्त वडाखाली.

रानवाटा | ४ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

मी वनखात्यातून निवृत्त. काही वर्षं पेंचच्या तोतलाडोह जलाशयावर बोटीने गस्त घातली आहे, म्हणून थोडं लिहितो.

जलाशय एकच, राज्यं दोन. महाराष्ट्राच्या बाजूला राष्ट्रीय उद्यान, मासेमारी पूर्ण बंद. मध्य प्रदेशच्या बाजूचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९९७ च्या निकालात तिथल्या ३०५ कुटुंबांच्या परवान्यांवर कडक अटी घातल्या गेल्या. कागदावर हे सगळं स्वच्छ आहे. रात्री पाण्यावर मात्र कोण कुठल्या बाजूचा हे विचारायला जावं लागतं, आणि विचारणाऱ्या दोन माणसांसमोर कधी कधी दहा-बारा जण असतात.

तिथे शिकलेली एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे सणाला निम्म्यांना सुट्टी, निम्मे कामावर, असा शिरस्ता होता. ऐकायला न्याय्य. पण सुट्टी कोणाला मिळते हे आजूबाजूच्या गावांना आमच्याआधी कळायचं. कुठला वनरक्षक बॅग घेऊन बसस्टँडवर उभा आहे, हे चहावाला बघतो. म्हणून पुढे आम्ही एकच केलं: सुट्टीवर जाणारा माणूस आदल्या दोन रात्री पाण्यावर, आणि बोट ठरलेल्या वेळी कधीच न काढता उलटसुलट वेळी. कधी रात्री नऊला, कधी पहाटे तीनला. एकच बोट, पण समोरच्याला ती कुठे आहे हे कळलं नाही की अर्धं काम झालं.

आणि एकट्याला बोटीवर कधीच नाही. कधीच. तुमचा भाचा गेला नाही हे बरंच केलं त्याने.

वैनगंगेचं पाणी | ४ ऑक्टोबर, सकाळी ८:१२

रानवाटा काकांशी १०० टक्के सहमत. चोर पकडायचा राहू द्या, माणूस आधी काठावर परत आला पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात मिरची तोडायला जाणाऱ्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. रोजची वाट, रोजची नाव. जॅकेट घाला बाप्पा. "मले पवता येते" म्हणणारेच बुडतात.

ढिवरीण | ४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

मी वाचूनच घेणार होते, पण लिहिते.

चोर चोर म्हणून रायले तुम्ही सगळे. आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात माझ्या आज्याने मासे धरले, बापाने धरले, तेव्हा कोणी चोर म्हटलं नाही. १९५० च्या सुमाराला मालगुजारी (जमीनदारी) गेली, तलाव सरकारजमा झाले, मग संस्था आल्या, ठेके आले. आता ज्याचं नाव संस्थेत नाही तो चोर. भाजीपुरते दोन मासे घेणारी बाई आणि रात्री गाडी लावून क्विंटलभर नेणारा, दोघांना एकाच बॅटरीचा उजेड!

आणि राखणदार म्हणजे आमचेच भाऊ-नवरे. मंडईच्या दिवशी त्यांना पाण्यावर बसवून संचालक खुर्च्या टाकून नाटक पाहतात. आधी तिथून सुरू करा.

पवनीचा पोपट | ४ ऑक्टोबर, दुपारी १:२८

ताई +१. संचालकांना एक रात्र डोंग्यात बसवा. दुसऱ्या दिवशीच्या सभेत कोरम नक्की भरेल, सगळेच तक्रार घेऊन येतील.

तळ्याकाठचा | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ७:०२

ताई, गळ टाकून बसणाऱ्याला आम्ही हटकत नाही. आमच्या राखणदारांनाही तेच सांगितलं आहे. मागच्या वर्षीचं काम भाजीवाल्या बाईचं नव्हतं, बांधावर पिकअपच्या चाकांचे डाग होते. पण संचालकांबद्दल तुम्ही म्हणता ते मी सभेत मांडतो. नोकरी गेली तर इथेच सांगेन.

खलाशी_चिमूरचा | ५ ऑक्टोबर, पहाटे ३:१५

मी मूळचा चिमूरचा, गेली अकरा वर्षं मालवाहू जहाजावर. सध्या वॉचवर आहे, झोप उडवायला लिहितो.

तुमचा प्रश्न जगभरच्या गस्ती जहाजांचा आहे, फक्त त्यांचं जहाज मोठं असतं. आयर्लंडचं नौदल त्यांच्या समुद्रात मासेमारीवर लक्ष ठेवतं. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी दोन जहाजं, 'रोशीन' आणि 'विल्यम बटलर येट्स', धक्क्याला बांधून ठेवायचं ठरवलं. कारण बिघाड नव्हे, माणसं पुरत नव्हती. एवढाल्या किमतीची जहाजं, आणि चालवायला लोक नाहीत. तेव्हा बोट घेतली की गस्त झाली, असं संचालकांना वाटत असेल तर हे उदाहरण त्यांच्या तोंडावर मारा.

व्यापारी जहाजांवर सुट्टी ही कोणाची मेहेरबानी नसते, ती हिशेबात धरलेली असते. २००६ च्या सागरी कामगार करारात महिन्याला किमान अडीच दिवस भरपगारी रजा जमा होते, आणि विश्रांती २४ तासांत किमान १० तास, सात दिवसांत किमान ७७ तास. शिवाय प्रत्येक जहाजाच्या कागदावर लिहिलेलं असतं की इतकी आणि अशी माणसं नसतील तर जहाज धक्का सोडणार नाही. किती माणसं आहेत हे विचारून बोट निघते का ठरतं, बोट निघाल्यावर माणसं मोजत नाहीत. बऱ्याच ठिकाणी एका जहाजाला दोन पूर्ण संच असतात. एक संच समुद्रावर, एक घरी. जहाज थांबत नाही, माणसं थांबतात.

तुमचं गणित मांडू का? चार माणसांत रोज चारही जण लागतात, म्हणजे सुट्टीसाठी माणूसच शिल्लक नाही. हा दिवाळीचा प्रश्न नाही, तो रोजचाच आहे, दिवाळीत उघडा पडतो. पाचवा माणूस वर्षभरासाठी लागेल. आठवड्याच्या सुट्ट्या धरल्या तर त्याचे बहुतेक दिवस त्यातच जातील.

तळ्याकाठचा | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

आठवड्याची सुट्टी... (गप्प बसतो.)

कायदेकानू | ५ ऑक्टोबर, सकाळी ११:००

गप्प बसू नका, ते लिहूनच ठेवा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि बाकी चार मालक-कामगारांनी मिळून ठरवायच्या. तो आधी दहा, आणि २०२५ पासून वीस किंवा जास्त कामगार असलेल्यांना लागू होतो, म्हणजे तुमचे चौघं सुटले. पण पद्धत उचलायला कोणी अडवलेलं नाही. चारपैकी एक मंडई ठेवा, आणि त्या दिवशी जो काम करेल त्याला दुप्पट रोज, वर बदलीची सुट्टी. संस्थेच्या ठरावात घ्या, तोंडी नको.

अवांतर: विष टाकणाऱ्या आणि स्फोटकं वापरणाऱ्यांसाठी १८९७ च्या मूळ मत्स्य कायद्यात दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड होता. १८९७ साली २०० रुपये म्हणजे पुरती वाट लागत असेल. आज एक किलो मरळ विकली तरी त्यात बसतं.

कोकणातला पाहुणा | ५ ऑक्टोबर, दुपारी ४:४५

आमच्याकडे गंमत वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा बंदीत कोण पाण्यात उतरतंय ते बघायचं. बंदी संपते, मासे येतात, नियम मोडणारेही येतात, आणि नेमके तेव्हाच गणपती. रत्नागिरीत गणपतीच्या दिवशी बोटीवर माणूस शोधायचा म्हणजे घरात आरती सोडून जायला सांगायचं. आम्ही मग कामाला बाहेरगावचे, ज्यांच्याकडे गणपती बसत नाही असे खलाशी बघतो. आपल्या सणाला ज्याचा सण नाही तो माणूस धरायचा, एवढंच त्यातलं शास्त्र.

झाडीपट्टीचा नट | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१०

कोणीतरी मंडईबद्दल वाईट बोललं की माझं रक्त खवळतं, म्हणून आलो. पण मंडईला नावं ठेवणारं कोणी दिसत नाही. ठीक.

आमच्या वडशाच्या नाटक मंडळीतल्या एका पठ्ठ्याने एकदा दुसऱ्या अंकात मासे चोरणाऱ्याचं सोंग केलं होतं. प्रेक्षकांत खराच मासेचोर बसलेला. उठला आणि म्हणाला, "असं नाही धरत जाळं, भैताडा!" पूर्ण मांडव हसला. राखणदार पण तिथेच बसलेला, तोही हसला. मासे त्या रात्री कोणीच चोरले नाहीत, सगळे नाटकात होते.

पवनीचा पोपट | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१४

हसून हसून पुरेवाट. म्हणजे उपाय सापडला, तलावाच्या बांधावरच नाटक ठेवा.

मरळप्रेमी | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:०२

कोणी मरळीच्या रश्श्यात आंबाडी घालतं का? आमच्याकडे सुकी आंबाडी घालतात. धाग्याशी संबंध नाही, पण मासे वाचून तोंडाला पाणी सुटलं.

ढिवरीण | ६ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

घालतात. पण मरळीत नको, लहान मच्छीत घाला, आणि मसाला पाट्यावरच वाटा. मिक्सरचा रस्सा पातळ होते.

गोसेखुर्दवाला | ६ ऑक्टोबर, सायंकाळी ६:२०

बदली माणसाबद्दल एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मी बुडीत क्षेत्रातला. १९८८ ला गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली तेव्हा शाळेत होतो, पाणी चढलं तेव्हा माझी पोरं शाळेत होती. आता त्याच पाण्यावर बोट चालवतो.

बाहेरचा माणूस दिवसा पाण्याकडे बघतो तेव्हा सपाट ताट दिसतं. खाली खुंट आहेत, झाडं बुडण्याआधी कापलेली, काही न कापलेली. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा दिसतात, दिवाळीला दोन-तीन फूट खाली असतात, आणि नेमके तेव्हाच धोक्याचे. मला माहीत आहे की जुन्या मोहाच्या रांगेपासून डावीकडे राहायचं, आणि जिथे रात्री पाण्यावर बुडबुडे दिसतात तिथे इंजिन बंद करून वल्ह्याने जायचं. हे कोणत्या नकाशात नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक बदलीवाला आला. बिचारा नदीवर डोंगा चालवणारा, पाण्याचा चांगला माणूस. पहिल्याच रात्री पंखा खुंटाला धडकला आणि आतली पिन तुटली. पिन ही मुद्दाम कच्ची असते, ती तुटावी म्हणजे गियर वाचतो. पण ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं इंजिन गेलं. रात्रभर थंडीत मधे बसला. पिनेच्या जागी घालायला एक खिळा आणि पक्कड असती तर पाच मिनिटांचं काम होतं. म्हणून बदली माणूस निवडताना "पोहता येतं का" विचारण्याआधी त्याला दिवसा एक चक्कर मारून खुंट दाखवा, दोन जादा पिना डब्यात ठेवा. डबा सीटखाली, बोटीला दोरीने बांधलेला. सैल डबा पहिला पाण्यात जातो.

तळ्याकाठचा | ६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

वाचनखूण साठवली आहे. आमच्या भाच्याच्या बाबतीत मला हे कळलंच नव्हतं. त्या बेटाच्या वाटेवर आमचे खुंट आहेत. तो भीतीने गेला नाही असं मी वर्षभर गावात सांगत फिरलो. त्याला वाट माहीत नव्हती.

मंडईचा हिशेबनीस | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

शेवटपर्यंत वाचलं. मंडळी, उत्तर तुमच्या धाग्यातच पडलं आहे आणि कोणी उचललं नाही.

कोकणातले पाहुणे म्हणाले, ज्याचा सण नाही तो माणूस धरा. आपल्याकडे असा माणूस फार लांब नाही! मंडई सगळ्या गावांची एका दिवशी असते का? नसते. भाऊबीजेपासून सुरू होतात, या गावची आज, त्या गावची परवा, कुठे आठ दिवसांनी. पाहुण्यांना दोन्हीकडे जाता यावं म्हणून तर तशा ठेवतात. शेजारच्या संस्थेशी बोला. तुमच्या मंडईला त्यांचे दोन राखणदार तुमच्या तलावावर, त्यांच्या मंडईला तुमचे दोन त्यांच्याकडे. जेवण यजमान संस्थेचं, रोज आपापल्या संस्थेचा.

पवनीचा पोपट | ७ ऑक्टोबर, दुपारी १२:३४

धागाकर्ते, हिशेबनीस काकांना मानाचा पाट द्या.

रानवाटा | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

कल्पना चांगली, दोन शंका. शेजारच्या गावचा राखणदार तुमच्या चोरांचा साडू निघू शकतो. आणि तुमच्या तलावात मासे कुठे साचतात हे त्याला एका रात्रीत कळेल. पुढच्या वर्षी ठेक्याला तीच संस्था तुमच्यासमोर उभी राहिली तर?

मंडईचा हिशेबनीस | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:५५

काका, साडू तर आपल्याच गावातले जास्त निघतात. तुमच्या तलावाच्या चोराला तुमचा राखणदार नावाने ओळखतो म्हणूनच बॅटरी दुसरीकडे फिरवतो. परक्या गावच्याला ती भीड नसते. ठेक्याची भीती खरी आहे, पण ठेका पाच वर्षांचा असतो आणि मासे दर हंगामात नव्याने टाकता.

गोसेखुर्दवाला | ७ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

दोन्ही परके नको. एक आपला, एक त्यांचा. आपला वाट दाखवेल, परका भीड धरणार नाही. आपल्या चौघांपैकी एकच जण मंडई सोडेल, त्याला कायदेकानू म्हणतात तसा दुप्पट रोज आणि पुढच्या वर्षी पहिला नंबर सुट्टीला.

ढिवरीण | ७ ऑक्टोबर, रात्री ८:००

आणि त्या एकाची बायको-पोरं? मंडईला पाहुणे येतील, घरी माणूस नाही. संस्थेने त्याच्या घरी मासे पाठवा. विकत नाही, पाठवा.

तळ्याकाठचा | ८ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

लिहून घेतलं. आज संध्याकाळी शेजारच्या संस्थेच्या सचिवाला फोन करतो. आमचं पाण्याच्या पाळीवरून तीन वर्षं बोलणं नाही, पण बघतो.

तळ्याकाठचा | २९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

धागा वर काढतो, कारण काहींनी विचारलं होतं.

फोन उचलला. पहिली पाच मिनिटं जुन्या पाळीचं भांडण झालं, सहाव्या मिनिटाला तो म्हणाला, "आमची मंडई तुमच्यानंतर तीन दिवसांनी आहे, पाठवतो दोन पोट्टे." दोन नको, एक पाठवा म्हटलं. एक आला. दिवसा त्याला चक्कर मारून खुंट दाखवले. बेटाच्या वाटेवर आम्ही बांबू रोवले, टोकाला पांढरी चिंधी. त्या वाटेवर बोट घेऊन भाच्यालाच पाठवलं होतं, दिवसा. काही बोलला नाही, पण बांबू नीट रोवले.

सभेत दुप्पट रोजाचा ठराव झाला. संचालकांनी रात्री डोंग्यात बसायचा मुद्दा "पुढील सभेत विचारार्थ" गेला.

मंडईच्या रात्री चंद्र साडेआठच्या आत बुडाला. बोट रानवाटा काकांच्या सांगण्याप्रमाणे आधी नऊला काढली, मग एकदम अडीचला. अडीचला बांधापलीकडे एक गाडी दिवे बंद करून उभी होती. बोटीचा आवाज आला तशी निघून गेली. त्यात कोण होतं ते कळलं नाही. आमच्या माणसाने गाडीचा आवाज ओळखला असावा असं मला वाटतं, तो सांगत नाही.

ताई, दोन किलो रोहू पोचवला त्याच्या घरी.

ढिवरीण | २९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

साफ करून पाठवला का तसाच?

तळ्याकाठचा | २९ ऑक्टोबर, रात्री ११:०९

तसाच.

ढिवरीण | २९ ऑक्टोबर, रात्री ११:१०

मंडईच्या दिवशी, घरात दहा पाहुणे, आणि तसाच! धन्य आहे तुमची संस्था.